काळजातलं पाणी

बिस्किट चहात बुडवून ते गळून पडायच्या आत तोंडात टाकण्याचं उमेशचं कसब पंढरी वर्षानुवर्षं पाहत आला होता. त्या दुपारीही तो तेच पाहत होता, म्हणून उमेश काय बोलला ते त्याच्यापर्यंत जरा उशिरा पोचलं. “म्हणजे बकऱ्याच्या काळजात निघते तसलीच की,” उमेश म्हणाला. “पाण्याची पिशवी. आम्ही कितीदा बघतो.” आणि त्याने पुढचं बिस्किट उचललं.

पंढरीच्या उजव्या बरगडीखाली जे होतं ते या वाक्याने दचकून हललं. ते हलत नसतं, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते नुसतं असतं. लिव्हरमध्ये नारळाएवढी गाठ, आत साधं पाणी. कित्येक वर्षं मुकाट बसलेली असणार, आणि आता वाढल्यामुळे शेजारच्यांना कोपर मारायला लागलेली. म्हणून दोन घास खाल्ले की पोट भरतं, म्हणून बुटाची नाडी बांधायला वाकलं की श्वास कोंडतो, म्हणून कूस बदलली की आतून कुणीतरी गोणी ओढल्यासारखं वाटतं. हे सगळं पंढरीला पटलं होतं. जव्हारच्या पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर त्याची उमर गेली होती. एखादा इसम वर्षानुवर्षं गप्प राहून जागा अडवतो आणि मग एक दिवस शेजारच्यालाच उठवायला बघतो, यात त्याला नवल नव्हतं. नवल होतं ते याचं, की उमेशने त्या गाठीला जुनी ओळख असल्यासारखी हाक मारली होती.

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांना पंढरी नीट पारखून घेत होता. पडून राहिलेल्याला दुसरा उद्योग काय. काही जण त्याच्या पोटाकडे बघत, काही मुद्दाम पोट सोडून सगळीकडे. लेखा शाखेतल्या दोघी फार मायेने बोलल्या आणि बोलता बोलता तो रजेवर किती राहणार ते काढून घेऊन गेल्या, कारण त्याची खुर्ची खिडकीजवळ होती आणि पंखा बरोबर डोक्यावर. “कितवा महिना, भाऊसाहेब?” असं चारचौघांत विचारणारा शिपाई त्याला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटला होता. उमेश पशुसंवर्धनच्या टेबलावरचा. त्याला ना पोट बघायचं होतं ना खुर्ची हवी होती. त्याला ऐकणारा हवा होता, आणि आजारी माणूस उठून जात नाही.

“साधी गाठ आहे, भावोजी,” चंदना आतून म्हणाली. चंदना पंढरीची बायको. शाळेत शिकवत असल्यामुळे तिचं घरातलं बोलणंही मागच्या बाकापर्यंत पोचायचं. “सोनोग्राफीत सगळं दिसलंय. उद्या सुईने थोडं पाणी काढून बघणार, मग दुर्बिणीतून करणार. पोट फाडायचं नाही काही.”

“साधीच असणार हो वहिनी. कुत्र्याचं विचारलं असेलच की डॉक्टरांनी?”

“विचारलं. आमच्याकडे कुठला आलाय कुत्रा?”

“मग झालं तर. कुत्र्याची असली की भानगड.” उमेश सरसावून बसला. “आपण बकरा कापतो, खराब काळीज कुत्र्याला टाकतो. त्यातून किडा कुत्र्याच्या आतड्यात. कुत्रा हगतो, त्याची अंडी हाताला, पाण्याला, आणि तिथून माणसाच्या काळजात. मग तिथे गाठ. दिसायला अगदी अशीच, निवळ पाणी. पण तिला नुसती सुई लावायची नाही. आत फुटली तर माणूस जागच्या जागी—” त्याने हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. हे त्याने कधी केलेलं पंढरीला आठवत नव्हतं. “आपली तशी नाही म्हणा. उगाच काळजाचं पाणी करून घेऊ नका, भाऊसाहेब,” आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो इतका हसला की चहा सांडला. “च्यायला, ते तर आधीच झालंय!”

पंढरीही हसला. हसताना उजवीकडे दुखलं. उमेशच्या बोलण्यातलं अर्धं खरं असतं, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. कुठलं अर्धं, ते मात्र खुद्द उमेशलाही ठाऊक नसे. तो गेल्यावर पंढरी खाटेवर तसाच बसून राहिला. बाहेर कुठेतरी भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजत होते, त्याचा धूर खिडकीतून आत येत होता आणि त्या धुराच्या मागून नाशिकच्या डॉक्टरांची खोली येत होती. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला होता आणि पेनाने त्याचं वरचं टोक खोडून टाकलं होतं. हे छप्पर आपण कापून टाकायचं, ते म्हणाले होते. नुसतं सुईने पाणी काढलं तर पुन्हा भरतं. छप्परच नाही म्हटल्यावर साठणार कुठे? बारीक तीन भोकं, एकातून दुर्बीण. पाणी पोटात सांडतं आणि पोट ते जिरवून टाकतं. चंदनाला हे फार आवडलं होतं. फळ्यावर काढून दाखवण्यासारखं होतं. पंढरीलाही तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्याच वाक्याला दात फुटले. पाणी पोटात सांडतं. एका गाठीचं जे औषध तेच दुसरीत माणसाचं मरण, आणि दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. डॉक्टरांनी विचारलं होतं, विचारलं नव्हतं असं नाही. हात धुता धुता, पाठमोरे असतानाच, “घरी पाळीव प्राणी काही? कुत्रा वगैरे पाळलाय?” आणि चंदना हसून म्हणाली होती, “अहो, आम्हालाच जागा पुरत नाही.” डॉक्टर हसले होते. पंढरीने मान हलवली होती. अशी मान तो दिवसातून किती वेळा हलवायचा. साहेब विचारतात, माहिती निरंक का, आणि मान हलते, निरंक.

खोटं नव्हतं ते. पाळीव म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. कॉलनीत समोरच बँकेच्या अधिकाऱ्याचा एक लॅब्रॅडोर होता. त्याला पट्टा होता, स्वतःचा टॉवेल होता, आणि रविवारी तो मोटारीच्या मागच्या काचेतून जीभ काढून शिरपामाळावर हवा खायला जायचा. त्याला ताप आला तर अधिकारी रजा टाकायचे. त्याला म्हणतात पाळलेला. आणि मोखाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे पंढरी वाढला, त्या पाड्यावर काय होतं? कारवीच्या कुडाचं घर, चूल, आणि चुलीच्या उबदार राखेत ती राखेच्याच रंगाची कुत्री. तिला नाव नव्हतं. ‘हाड’ म्हटलं की ती जायची आणि परत ‘हाड’ म्हटलं की यायची, म्हणून तेच नाव समजायचं. तिला कुणी आणलं नव्हतं आणि कुणी हाकललं नव्हतं. थंडीत ती व्यायची ती त्याच राखेत, आणि पिलांच्या घोळक्यात पंढरी. ती त्याचे हात चाटायची, हातात नागलीची भाकर असायची, भाकर अर्धी तिची अर्धी त्याची, कुठली अर्धी आधी कुणाच्या तोंडात गेली ते कोण बघणार. वाघबारशीला पाड्याचा मिळून बकरा कापला जायचा. जाणता माणूस पोट उघडून काळीज हातावर घ्यायचा आणि एखाद्या वर्षी त्याच्या कडेला पांढुरका, ताणलेला फुगा निघायचा. पाण्याचं काळीज हाय, टाका, असं म्हणून तो ते फेकायचा, आणि कुत्र्यांच्या आधी पोरं धावायची. पंढरीने त्या फुग्यावर उडी मारली होती. अनवाणी. टचकन आवाज झाला होता आणि निवळ, थंड पाणी नडगीपर्यंत उडालं होतं, आणि त्या कुत्रीने ती नडगी सावकाश, वरपासून खालपर्यंत, चाटून पुसून दिली होती.

पंढरीने पायजमा वर करून नडगी बघितली. काहीच नव्हतं. मग त्याला स्वतःचाच संशय आला. दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर त्याने जन्म काढला होता. एकाच आजीच्या मयताला पुन्हा पुन्हा जाणारे, पावसाळ्यात नेमकी पाठ धरणारे, सगळे त्याला शाईच्या रंगावरून कळत. ही आठवण त्याला तशीच वाटली. इतकी वर्षं कुठे होती ती? उमेश बोलला आणि ती सही-शिक्क्यासकट हजर झाली. थंड पाणी, नडगी, चाटणं, फारच नीटनेटकी. उद्याची सुई टाळायला भित्र्याला कुत्रा आठवणारच. त्याला सुईची भीती होती, हे खरं होतं. आता त्याला आपण भितो आहोत याची भीती वाटायला लागली, कारण त्या भीतीने आठवण रचली असेल तर रचली, पण रचली नसेल तर? भित्रा माणूस खरंही बोलतोच की कधी. त्याने अशा कितीतरी अर्जांवर ‘अमान्य’ लिहिलं होतं. त्यातल्या एखाद्याची आजी खरंच मेली असेल.

संध्याकाळी चंदना पिशवी भरत होती. टॉवेल, रिपोर्ट, आधार कार्ड. तो दारात उभा राहून म्हणाला, “डॉक्टरांना सांगायचं का?”

“काय?”

“कुत्र्याचं.”

“कुठल्या कुत्र्याचं?”

त्याला एकदम सांगता येईना. चंदना साखरशेतची, मास्तरांची मुलगी. सासरच्या पाड्यावर ती सणाला जायची, टोपलीभर सगळ्यांसाठी न्यायची, पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायची, आणि हे सगळं इतक्या गोडव्याने की आजवर कुणाला लागलं नव्हतं. “तुमच्या त्या उमेशचं काही सांगू नका,” ती म्हणाली. “ढोरांचा डॉक्टरसुद्धा नाही तो, डॉक्टरच्या मागे पिशवी धरणारा.” मग जरा मऊ होऊन, “मी काय आज ओळखते तुम्हाला? लसीच्या दिवशी कोण पळालं होतं साखरशेतला? माझ्या बापाला वाटलं जावई आठवण काढून आले.”

“ते वेगळं.”

“बरं, वेगळं. तुमच्या घरी पाळला होता का कुत्रा?”

“पाळला नव्हता.”

“मग?”

पाळला नव्हता हे खरं होतं, आणि त्या एका शब्दाने दार असं लागलं होतं की आत कुत्री, बाहेर तो. रात्रभर त्याने उताणं पडून राहण्याची कसरत केली. हात पोटावर ठेवला की धडधड लागायची. ती त्याची होती की गाठीची ते कळत नव्हतं, म्हणून त्याने हात उशीखाली ठेवले.

सकाळच्या गाडीत त्यांना मागच्या चाकावरची जागा मिळाली. उपाशीपोटी यायचं होतं. जव्हार सुटल्यावर रस्ता वळणं घ्यायला लागला आणि पंढरी प्रत्येक खड्डा अंगाने मोजण्याऐवजी आधीच डोळ्यांनी शोधायला लागला. खड्डा दिसला की तो दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून स्वतःला सीटवरून किंचित उचलायचा, तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं नेणाऱ्या माणसासारखा. बाजूचा प्रवासी त्याच्याकडे बघून चंदनाला म्हणाला, “भाऊंना मूळव्याध का?” चंदनाने खिडकीबाहेर बघितलं. पंढरी घोकत होता. पोचल्यावर सिस्टर विचारील, तेव्हा म्हणायचं. नाही, डॉक्टरांनाच म्हणायचं. काय म्हणायचं? साहेब, मला आठवलं. डॉक्टर म्हणतील, आत्ता? टेबलावर घेतल्यावर प्रत्येकाला काही ना काही आठवतं. आणि ते हसतील, चंदनाही हसेल, तो मान हलवील, आणि सुई आत जाईल. त्याला त्या मानेचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटली. ती आपोआप हलायची.

मोखाड्याच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. त्याची आई, भागी, पाड्यावरून उतरून येऊन केव्हाची उभी होती. लुगड्याचा पदर डोक्यावर, पाय धुळीने पांढरे. गाडी थांबताच ती खिडकीखाली आली आणि तिने आधी त्याच्या तोंडाकडे न बघता पोटाच्या उंचीवर गाडीच्या पत्र्याकडे बघितलं, जणू पत्र्यातून दिसेल.

“भगताकडं गेलती,” ती म्हणाली. “दाणं पाहिलं त्यानं. सांगलं, आत पाणी हाय. पाण्याला वाट करून द्या.”

भगत आणि डॉक्टर एकमताचे निघाले, याने पंढरीला धीर यायला हवा होता. आला नाही. तो खाली उतरला. चंदनाही मागोमाग उतरली, सासूच्या पाया पडली. कंडक्टर टपरीकडे जाता जाता ओरडला, “लांब जाऊ नका कुणी!”

“आये,” पंढरी म्हणाला, आणि त्याचा आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. “आपल्या घरी कुत्रा व्हता का?”

“कुत्रा?” भागीने भुवया वर केल्या. “नाय रं. आपण कवा कुत्रा पाळला? कोंबड्या व्हत्या, बकऱ्या व्हत्या.”

झालं. चंदनाने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, नुसती सुटका होती. पंढरीच्या खांद्यांतलं काहीतरी खाली उतरलं. म्हणजे रचलीच होती. कुत्री, राख, नडगी, सगळं आतल्या त्या भित्र्याने रचलं होतं. त्याला त्या भित्र्याची जवळजवळ मायाच वाटली, किती कष्ट घेतले होते बिचाऱ्याने. आता जायचं, झोपायचं, डोळे मिटायचे. टपरीवरच्या चहाचा वास आला आणि कित्येक दिवसांनी त्याला खरी भूक लागली.

“कशाला विचारतोस?” आई म्हणाली.

“नाय, उगाच. डॉक्टर विचारत व्हता.”

“डॉक्टरला काय करायचं कुत्र्याचं? आपण कशाला पाळू? ते काय गाय-बैल हाय का पाळाया? कुत्रं व्हतं ते पाड्याचं. ते आपल्या आपण ऱ्हायचं.” आणि ती चंदनाकडे वळून हसली, सुनेला नवऱ्याची एखादी लहानपणची गंमत सांगावी तशी. “या पोराला तर मी रोज कुत्रीच्या पोटाखालून वढून काढायची, बाय. पिलांतलं पिलू. एक डाव तर तिचं दूध प्याला. अख्खा पाडा हसला.”

चंदनाचा चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा झाला. पंढरीला स्टँडचा आवाज लांबून यायला लागला. नडगीवर गार लागलं. ते पाणी तिथे नव्हतं, तरी लागलं. तर मग भित्रा खरं बोलत होता. एवढा वेळ भीतीचा एक आधार होता, की ती कदाचित खोटी असेल. आईने हसत हसत तो काढून घेतला. त्याने खिशातून फोन काढला. अंगठा नीट लागेना. चंदनाने फोन त्याच्या हातून घेतला, डॉक्टरांचा नंबर लावला आणि त्याच्या हातात परत दिला.

“हां, वारघडे, निघालात ना? बोला.”

“साहेब, तुम्ही विचारलं होतं, कुत्रा पाळलाय का.”

“हो. नाही म्हणालात.”

“पाळलेला नव्हता, साहेब.” मान हलायला लागली, त्याला जाणवली, पण फोनवर मान दिसत नाही. “पण होता.”

“म्हणजे?”

“होता म्हणजे होते. पाड्याचे. आम्ही त्यांच्यातच होतो. खाणं, झोपणं, सगळं एकत्र. बकरं कापलं की खराब काळीज त्यांनाच टाकायचे. मी... मी तसल्या गाठीवर उड्या मारल्यात, साहेब.”

मग डॉक्टरांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू आणि पहिल्यापेक्षा जवळचा. “मीच नीट विचारायला हवं होतं. ऐका. आज सुई नाही. आधी रक्त तपासू, सीटी करू. तसली निघालीच तर आधी गोळ्या, आणि मग वेगळ्या तयारीने काढू. तीही काढता येते. घाबरू नका. फक्त पोटाला धक्का, मार काही लागू देऊ नका. कशाने येताय तुम्ही?”

“एसटीने.”

“पुढे बसा,” डॉक्टर म्हणाले. “मागे बसू नका.”

फोन बंद झाला. कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता. पुढे तोरंगणचा घाट होता. घाबरू नका, हे वाक्य पंढरीने आयुष्यभर ज्यांची बदली नक्की झाली आहे अशांनाच ऐकवलं होतं. चंदना त्याच्या आधी गाडीत चढली. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर दोन तरुण पाय पसरून बसले होते. तिने त्यांना वर्गात उभं करावं तसं नुसतं बघितलं आणि ते उठले. “इथे या,” ती म्हणाली. त्याचा दंड धरून तिने त्याला खिडकीशी बसवलं, पिशवीतला टॉवेल काढून त्याची घडी त्याच्या पाठीमागे सरकवली, आणि आपण दांडी धरून उभी राहिली.

दार लागायच्या आत भागी पायऱ्या चढून वर आली. तिला नाशिकला यायचं नव्हतं, घरी बकऱ्या बांधलेल्या होत्या, अंगावरच्या लुगड्याखेरीज तिच्याजवळ काही नव्हतं. ती पंढरीच्या शेजारी बसली. काय झालं ते तिने विचारलं नाही. तिने आपला रापलेला पंजा त्याच्या उजव्या बरगडीखाली पालथा ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. एवढ्या सगळ्या लोकांसमोर, वरिष्ठ सहायक पंढरी वारघडेने तो राहू दिला.

गाडी हलली. पहिला खड्डा स्टँडच्या फाटकातच होता. तिघांनीही श्वास धरला.

“आजी, कुठं जायचं?” कंडक्टरने विचारलं.

भागीने हात उचलला नाही. “हा उतरंल तिथं,” ती म्हणाली.